सतरावी सूचना

मुलांनो, गेल्या रविवारी तुमच्यातल्या थोरलीचा श्रूजबरीहून फोन आला. तिच्या सासूबाई नागपूरहून पहिल्यांदाच अमेरिकेला येत आहेत, त्यांना न्यूयॉर्क दाखवायचं आहे, आणि तिला माझी जुनी वही हवी आहे.

'ती व्हिजिटर्सची वही गं, आजी. मॉम म्हणते ती फेमस होती. आणि ती स्टोरी पण लिही ना, दुसरी आजी म्युझियममध्ये हरवली होती ती. सासूबाईंना ऐकवते. त्यांना मजा येईल.'

वही सापडायला वेळ लागला नाही. माझ्याकडे वस्तू हरवत नाहीत. कपाटाच्या दुसऱ्या कप्प्यात, पासपोर्टांच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत ती होती. उभी, लाल पुठ्ठ्याची, शंभर पानी. पहिल्या पानावर माझ्या त्या वेळच्या ठसठशीत अक्षरात 'शहर पाहायला येणाऱ्यांसाठी सूचना', आणि खाली दोन रेघा.

गोष्ट लिहायला मात्र चार दिवस गेले. कारण तुम्ही लहानपणापासून ती जशी ऐकली आहे तशी ती घडलेली नाही.

इंग्रजीत लिहिणं मला अवघड नव्हतं, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्यासाठी तेच सोयीचंही झालं असतं. तरी मराठीत लिहिते आहे. त्याला कारण आहे.

*

ते ऐंशीचं दशक होतं. तुमचे आईबाबा तेव्हा पार्सिपनीला दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये राहत. थोरले, तू पोटात होतीस. मी कॉलेजच्या ऑफिसात अधीक्षक होते आणि माझी रजा साठली होती. ती घेऊन मी एप्रिलमध्येच येऊन राहिले. आजोबांना थंडी सोसत नसे, ते पुण्यातच थांबले.

मला रिकामं बसवत नाही. पहिल्या दोन वेळा तुमच्या बाबांनी मला न्यूयॉर्कला नेलं, तिसऱ्या वेळी मी एकटी गेले. पार्सिपनीहून बस पकडून शहराच्या टर्मिनसला, तिथून टोकन घालून भुयारी गाडी. परत आले तेव्हा तुमचे बाबा खिडकीत उभे होते, आणि मी त्यांना दाखवायला भुयारी गाडीचा नकाशा घडीवर घडी घालून जसा घेतला होता तसाच परत केला. तेव्हापासून मी दर आठवड्याला जायची आणि आल्यावर वहीत लिहायची.

त्या काळी उन्हाळ्यात सगळ्यांचेच आईवडील यायचे. मुलं कामावर जायची आणि ही मंडळी दिवसभर अपार्टमेंटच्या खिडकीतून पार्किंग लॉट बघत बसायची. तुमच्या बाबांच्या एका मित्राने माझी वही पाहिली आणि ऑफिसात नेऊन तिच्या झेरॉक्स काढल्या. मग ती घरोघर गेली. 'काकूंची वही वाचलीत का?' असं एकमेकांना विचारायचे. एका गृहस्थांनी तर मला पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, सगळ्यांसमोर म्हटलं, 'काकू, तुमच्या सूचना पाळल्या की माणूस अमेरिकेत आल्याचं अमेरिकेला कळतसुद्धा नाही.' मला ते कौतुक वाटलं.

काही सूचना उतरवून देते. त्यातल्या पुष्कळ आता निरुपयोगी आहेत.

घराचा पत्ता आणि फोन नंबर लिहिलेले कार्ड प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवावे. टोकन आदल्या वेळीच जास्तीची घेऊन ठेवावीत. खिडकीपाशी पर्स उघडून मोजत उभे राहू नये. पब्लिक फोनसाठी नाणी वेगळ्या पुडीत बांधावीत. स्वच्छ बाथरूम मोठ्या दुकानांत, लायब्ररीत व म्युझियममध्ये असते. दिसले की जाऊन घ्यावे, गरज लागण्याची वाट पाहू नये. रस्त्याच्या नावापेक्षा नंबर लक्षात ठेवणे सोपे. परतीच्या बसची वेळ आधी विचारावी, मग शहर पाहावे. कोणत्याही मोठ्या इमारतीत शिरताना दाराजवळची एक जागा नक्की करावी आणि चुकामूक झाली तर तिथे येऊन थांबावे.

इथवर ठीक आहे. पण पुढच्या पानावर हेही आहे: आवाज लहान ठेवावा. अनोळखी मुलांच्या गालाला हात लावू नये. साडीखालून लोकरीचे मोजे दिसणार नाहीत असे पाहावे. डबा उघड्यावर सोडू नये. चारचौघांत नमस्कार, वाकणे वगैरे टाळावे.

परवा वाचताना माझ्या लक्षात आलं की निम्म्या सूचना शहराबद्दल नाहीतच. त्या आपल्या माणसांनी कसं दिसू नये याबद्दल आहेत.

*

सप्टेंबरच्या शेवटी विहीणबाई आल्या. म्हणजे तुमच्या आईची आई, तुमची दुसरी आजी. कराडजवळच्या गावाहून निघालेल्या, त्याआधी पुण्याच्या पलीकडे कधी गेल्या नव्हत्या. नऊवारी लुगडं, वर जावयाचा जुना ओव्हरकोट, पायात लेकीचे कॅनव्हासचे बूट. कस्टमच्या माणसाने त्यांची ट्रंक सगळी उपसली होती आणि त्या ते वर्णन करून सांगत होत्या.

'मला तीन शब्द शिकवून पाठवलंय मुलाने,' त्या सोफ्यावर मांडी घालून म्हणाल्या. 'येस, नो आणि थँक्यू. तो काही बोलला की मी थँक्यू म्हणत होते. सगळं सोडलंन बिचाऱ्याने.'

ट्रंकेत बाळंतपणाचं सामान होतं, आणि त्याशिवाय तांदूळ, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, गुळपापडी. हे त्यांचं स्वतःचं. नातवंड होईपर्यंत मुलीच्या घरचं अन्न खायचं नाही, ही जुनी रीत. माझ्या आजीपर्यंत आमच्याकडेही होती. विहीणबाई ती अमेरिकेत पाळणार होत्या.

तुमची आई रडकुंडीला आली. 'अगं आई, मी काय परकी आहे का? कुठल्या काळात आहेस तू?'

'चार-पाच आठवड्यांचा तर प्रश्न आहे. बाळाचं तोंड बघू दे, मग तुझा फ्रिज रिकामा करते.'

मी विचारलं, 'विहीणबाई, मग गॅस जावयाचा चालतो का?' माझ्या आवाजात जे होतं ते त्यांना कळलं असणार.

'गॅसचं मी गणपतीला विचारून आलेय,' त्या म्हणाल्या. 'चालतो म्हणाला.'

तुमचे बाबा जोरात हसले. मी हसले नाही. त्यांच्याबद्दल माझं मत पहिल्या दिवशीच झालं होतं: बाई चांगली आहे, पण हिला बाहेर नेण्यासारखं नाही. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. माझ्या वागण्यातून ते दिसत राहिलं असेल.

ऑक्टोबर संपत आला तेव्हा तुमच्या आईनेच विषय काढला. तिला नववा लागला होता. 'आई, बाळ आलं की माझ्या आईला कुठे जायला मिळणार नाही. एकदा तिला न्यूयॉर्क दाखवून आणाल? तुम्ही असलात की मला काळजी नाही.' आणि दारात पुन्हा म्हणाली, 'हात सोडू नका हं तिचा. तिला कुणाशी बोलता येत नाही.'

मी हो म्हटलं. त्याच दिवशी कार्यक्रम तासांप्रमाणे लिहून काढला.

*

विहीणबाईंना बोलता येत नाही, हे तुमच्या आईचं म्हणणं चुकीचं होतं. त्या सकाळभर बोलत होत्या. बस ड्रायव्हरला त्यांनी 'थँक्यू' म्हणून पुढे मराठीत 'सावकाश घ्या हं' सांगितलं. फळांच्या गाडीवाल्याकडची पेअर हातात घेऊन त्याला म्हणाल्या, 'हे आमच्याकडे नसतं. पेरूचा भाऊ दिसतोय.' तो त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला, ते इंग्रजी नव्हतं. दोघंही हसले. सिग्नलपाशी एका बाईच्या बाबागाडीतल्या मुलाच्या गालाला हात लावून त्यांनी बोटं कानशिलावर मोडली. मी डोळे मिटून घेतले. ती बाई नुसती हसली आणि सिग्नल सुटल्यावर निघून गेली.

मी भरभर चालू लागले. आधी दोन पावलं पुढे, मग चार.

'विहीणबाई, कुणी मागे लागलंय का आपल्या?' मागून आवाज आला. 'मीच आहे मागे. घाबरू नका.'

मी म्हटलं, 'म्युझियमला उशीर होईल.'

'दगड पळून जाणारेत थोडेच.'

साडेदहाला आम्ही त्या मोठ्या म्युझियममध्ये शिरलो. कोट ठेवायच्या खोलीत मी माझा कोट दिला. त्यांनी तो ओव्हरकोट काढला नाही. तिथे तिकिटाऐवजी पत्र्याचा एक छोटा रंगीत बिल्ला देत, तो कॉलरला लावायचा. विहीणबाईंनी पदरावर लावला, वरून कोट. 'शाळेत नंबर आल्यासारखं वाटतंय,' म्हणाल्या. मुख्य दाराच्या डाव्या हाताला एक लांब बाक होता. माझ्याच सूचनेप्रमाणे मी तो त्यांना दाखवला. 'चुकामूक झाली तर इथे यायचं. या बाकावर. दुसरीकडे कुठे नाही.' त्यांनी बाकावर हात ठेवून पाहिला आणि मान हलवली.

पत्त्याची दोन्ही कार्डं माझ्या पर्समध्ये होती. त्यांच्याकडून हरवेल म्हणून मी त्यांचंही घेऊन ठेवलं होतं. पहिली सूचना मी स्वतःच मोडली होती आणि ते मला नीटनेटकेपणाचं वाटत होतं.

दीड तासाने आम्ही आपल्याकडच्या मूर्तींच्या दालनात आलो. तिथे माणसं थोडी होती. दालनाच्या एका टोकाला काळ्या दगडाचा गणपती होता, कमरेएवढ्या चौथऱ्यावर, सोंड मध्येच तुटलेली. दुसऱ्या टोकाला काचेच्या कपाटात छोट्या पितळी मूर्ती. मी कपाटाकडे गेले. विहीणबाई गणपतीसमोरच थांबल्या.

कपाटापाशी पांढऱ्या केसांच्या एक बाई उभ्या होत्या. गळ्यात मोती, हातात म्युझियमचं पुस्तक. त्यांनी मला एका मूर्तीबद्दल काही विचारलं. मी सांगितलं. त्यांनी आणखी विचारलं. मी मूर्तीच्या हातातल्या वस्तूंबद्दल सांगितलं, उंदराबद्दल सांगितलं, एक दात तुटलेला का असतो ते सांगितलं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या आणि मधेच म्हणाल्या, 'तुमचं इंग्रजी किती सुंदर आहे. कुठे शिकलात?'

हे वाक्य मला किती गोड लागलं ते सांगायला आजही संकोच वाटतो. सहा महिने मी त्या देशात होते. दुकानात, बँकेत, दवाखान्यात लोक माझ्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलत, जसं बहिऱ्याशी बोलावं. आणि इथे एक सुसंस्कृत बाई माझ्याकडून काही शिकत होती. मी सरळ उभी राहिले. साडीच्या निऱ्यासुद्धा सारख्या केल्या असतील.

'आणि त्या काय करताहेत?' बाईंनी विचारलं.

मी वळून पाहिलं. विहीणबाईंनी बूट काढून बाजूला जोडून ठेवले होते. साडेबारा वाजत आले होते, ही त्यांची जेवायची वेळ. त्यांनी डबा उघडला होता आणि गुळपापडीची एक वडी चौथऱ्याच्या कडेवर, गणपतीच्या पायाशी ठेवली होती. डोळे मिटून त्या वडीभोवती हात फिरवत होत्या. घरी त्या तसंच करत, नैवेद्य दाखवल्याशिवाय घास घेत नसत. घरी लेकीच्या ओट्यावर ठेवलेल्या फोटोला दाखवत. इथे एवढा मोठा गणपती उपाशी बसलेला.

'खेड्यातले लोक करतात तसं,' मी म्हटलं. 'शहरात आता फारसं उरलेलं नाही.'

तोवर दालनातला गार्ड त्यांच्याजवळ पोचला होता. उंच, वयस्क माणूस, मिशा पिकलेल्या. तो खाली वाकून हळू आवाजात काही बोलला. विहीणबाईंनी डोळे उघडले आणि हसून म्हणाल्या, 'थँक्यू.' तो पुन्हा बोलला, डब्याकडे आणि मूर्तीकडे बोट दाखवून. 'येस,' त्या म्हणाल्या, आणि वडी उचलून त्याच्यापुढे धरली. त्याने मान हलवली. मग त्याने कोटाकडे बोट केलं, बिल्ला दिसत नव्हता म्हणून विचारत असावा. त्यांना ते कळलं नाही. तेव्हा त्याने मान वर करून दालनभर पाहिलं.

त्या दालनात साडी नेसलेल्या दोनच बायका होत्या. तो सरळ माझ्याकडे आला.

'मॅडम, त्या बाई तुमच्याबरोबर आहेत का?'

मी म्हटलं, 'नो.'

इतकंच. कुणी मला घाई केली नव्हती. गार्डचा आवाज मृदू होता. मी हो म्हटलं असतं तर त्याने, खाणं इथे चालत नाही एवढं त्यांना समजावून सांगा, असं म्हटलं असतं आणि प्रकरण तिथेच संपलं असतं. मोत्यांच्या बाईंनीही बहुधा मला उलट आणखी दोन प्रश्न विचारले असते. माझं काहीही जाणार नव्हतं. तरी तो शब्द माझ्या तोंडून विचार न करता, अगदी तयार असल्यासारखा आला.

गार्डने माझ्या साडीकडे एकदा पाहिलं. 'सॉरी, मॅडम,' म्हणाला आणि परत गेला. दालन मोठं होतं, पण शांत होतं. विहीणबाई माझ्याकडेच पाहत होत्या. मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं, बूट हातात घेतले आणि गार्ड दाखवत होता त्या दाराने अनवाणी बाहेर गेल्या.

मी लगेच गेले नाही. हेही लिहायला हवं. मोत्यांच्या बाई शेवटच्या कपाटापाशी होत्या, त्यांचं बघून होईपर्यंत मी थांबले. कदाचित दहा मिनिटं. माझा हिशेब असा होता की त्या गेल्या की मी बाहेर जाईन, विहीणबाई दारातच असतील, आणि मी म्हणेन, अहो, कुठे गेला होतात?

दारात त्या नव्हत्या.

मग मी धावले. शेजारची दालनं, जिने, चिलखतांची खोली, बाथरूम, पुन्हा वरचा मजला. एका खोलीतून तीनदा गेले असेन. 'लुगडं नेसलेली बाई' याला इंग्रजी शब्द मला सुचेना. माझ्या त्या सुंदर इंग्रजीत मला 'माय सन्स मदर-इन-लॉ' एवढंही धड म्हणता येईना, कारण दर वेळी वाटायचं की ज्याला विचारीन तो तोच गार्ड असेल आणि म्हणेल, पण तुम्ही तर मघाशी नाही म्हणालात. म्हणून मी कुणालाच विचारलं नाही. त्यांच्याकडे पत्ता नव्हता. त्या बाहेर पडल्या असतील, कुठल्याही दिशेने, आणि कुणाला काही विचारलं तर येस, नो आणि थँक्यू. घरी जाऊन नऊ महिने भरत आलेल्या पोरीला काय सांगायचं होतं मी?

दीड तास मी अशी फिरले. बाकाची आठवण मला शेवटी झाली. वहीत सूचना लिहिणारी मी, सकाळी हात दाखवून सांगितलेली जागा मीच विसरले होते.

विहीणबाई बाकावर बसल्या होत्या. बूट घातलेले, डबा मांडीवर, वर दोन्ही हात. बिल्ला आता कोटाच्या बाहेर, छातीवर लावलेला. कुणीतरी शेजारी कागदी पेल्यात चहा आणून ठेवला होता. त्याला हात लावलेला नव्हता.

'आलात?' त्या म्हणाल्या. 'म्हटलं, तुमचं सावकाश बघून होऊ दे.'

*

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या होत्या. नदीखालचा बोगदा गेला, न्यू जर्सीची धुराड्यांची, टाक्यांची ती कुरूप पट्टी सुरू झाली. बऱ्याच वेळाने, बाहेरच बघत, त्यांनी विचारलं, 'विहीणबाई, त्या माणसाने तुम्हाला काय विचारलं हो?'

मला तेव्हा आठवलं. येस, नो आणि थँक्यू. त्या दालनात त्यांनी दोन शब्द स्वतः वापरले होते. तिसरा माझ्या तोंडून ऐकला होता.

सांगायची वेळ ती होती. बस अर्धी रिकामी होती, आजूबाजूला मराठी कळणारं कुणी नव्हतं. मी म्हटलं, 'काही नाही. बंद व्हायची वेळ सांगत होता.'

'असं का.'

त्यांनी डबा उघडला. मघाची ती वडी वेगळी, झाकणाच्या आतल्या बाजूला ठेवली होती. तिचे दोन तुकडे करून एक माझ्यापुढे धरला. 'घ्या. सकाळपासून उपाशी आहात तुम्हीसुद्धा.'

मी घेतला. खाल्ला. नको म्हणायला मला कुठलं तोंड होतं, आणि घ्यायला तरी कुठलं.

स्टॉप यायच्या आधी त्या म्हणाल्या, 'पोरीला उशिराचं काय सांगायचं? मी सांगते मीच भटकले म्हणून. ती माझ्यावर रागावेल, मला सवय आहे. तुमच्यावर रागावली तर तिलाच राहायचंय तुमच्यात.'

घरी त्यांनी तसंच सांगितलं. तुमची आई रडली, मग रागावली, मग माझे दोन्ही हात धरून म्हणाली, 'आई, तुम्ही होतात म्हणून.' मी हात काढून घेतले नाहीत.

एवढ्यावर थांबले असते तर निदान तो एका दिवसाचा दोष राहिला असता. पण दुसऱ्या दिवशी मी वहीत सतरावी सूचना लिहिली. अक्षर नेहमीसारखंच ठसठशीत आहे: 'इंग्रजी न येणाऱ्या वयस्क नातेवाइकांना एकटे भटकू देऊ नये. त्यांना सूचनांचे भान राहत नाही.' वहीच्या नव्या झेरॉक्स निघाल्या, त्यात ती सूचना घरोघर गेली आणि तिच्याबरोबर गोष्टही गेली. पॉटलकमध्ये लोक विहीणबाईंना विचारायचे, 'काय काकू, परत जायचं का म्युझियमला?' त्या सगळ्यांबरोबर हसायच्या. एकदा कुणी जास्तच ताणलं तेव्हा म्हणाल्या, 'मला शोधायला विहीणबाई किती जिने चढल्या, ते विचारा की.' आणि मग सगळे माझ्याकडे कौतुकाने बघू लागले. त्यांनी मुद्दाम तसं म्हटलं की मला वाचवायला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांच्या स्वभावात टोचणं नव्हतं. असतं तर मला सोपं गेलं असतं.

थोरले, तू पुढच्याच महिन्यात झालीस. हॉस्पिटलमधून आल्याबरोबर विहीणबाईंनी फ्रिज उघडला आणि त्यातलं पिवळं चीज बाहेर काढलं. पाच आठवडे त्याच्याकडे डोळा ठेवून होत्या म्हणे. एक तुकडा तोंडात टाकला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, 'यासाठी मी थांबले होते होय.' ही गोष्टही खरी आहे. सासूबाईंना हसवायचंच असेल तर ही सांग.

त्यानंतर कित्येक वर्षं मी त्यांना भेटत होते. तुमच्या मुंजी-लग्नांत, दिवाळीत, त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी. दर वेळी ठरवून जायची की आज बोलेन. त्या माझ्यासाठी गुळपापडी करून ठेवायच्या, कारण बसमध्ये मी ती आवडीने खाल्ली असं त्यांनी धरलं होतं, किंवा तसं म्हणत होत्या. मी खाऊन परत यायची. तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या. आता माफी मागायला कुणी उरलेलं नाही. तुमची आई आहे.

म्हणून हे मराठीत आहे. थोरले, तुला मराठी दोन ओळींपलीकडे वाचायचा कंटाळा येतो, आणि धाकट्या, बॉथेलला तुझ्याकडे हे पोचलं तर तू ते फोटो काढून आईलाच पाठवशील. दोघांनाही हे तीच वाचून दाखवणार. तिला फोनवर सांगायला मी या चार दिवसांत तीनदा बसले आणि तीनदा हवापाणी विचारून फोन ठेवला. आता तरी ती वाचते आहे. बाई गं, तुझ्या आईचा हात मी सोडला होता. तू दारात सांगितलं होतंस तरी. ती भटकली नव्हती. मी सांगितलेल्या जागी बसून होती.

वही रजिस्टर पोस्टाने पाठवते आहे. सतरावी सूचना खोडली आहे, पण खालचं वाचता येईल अशी एकच रेघ मारून. तिच्याखाली नवीन लिहिली आहे:

'पाहुण्यांचे पत्त्याचे कार्ड पाहुण्यांच्याच हातात द्यावे. चुकामूक झाल्यास ठरलेल्या बाकावर जाऊन बसावे. एक विहीण तशी दीड तास बसली होती. बरोबरची बाई उशिरा आली.'

सासूबाईंना वाचून दाखव. गंमत म्हणून नको.